तीन ठिपके

वाचनालयाच्या तळघरात खुर्च्या मीच मांडल्या, बत्तीस.
आली एकोणतीस माणसं
आणि व्हर्लिन स्टिडमचा कुत्रा.

भिंतीवर सात मोठे कागद,
प्रत्येकावर गावाची एकेक इच्छा,
माझ्याच अक्षरात. काउंटीची क्लार्क मी,
आणि केंटकीच्या या डोंगरात
इच्छेलाही शुद्धलेखन लागतं.

कोळसा काढून सपाट केलेल्या डोंगरावर कारखान्याची शेड.
(तिथे वीज आहे, रस्ता आहे, पाटीही आहे.
कारखाना तेवढा यायचाय.)
अपर ब्रँचच्या अडतीस घरांना नळ.
जुन्या शाळेला छप्पर, आणि खाली भाड्याचं स्वयंपाकघर,
जॅम नि काकवी विकणाऱ्या बायांसाठी.
मोबाइलचा टॉवर. दातांचा दवाखाना.
धुरळा उडवत येणाऱ्या पर्यटकांसाठी डोंगरवाट.
सातवा कागद ‘इतर’,
त्यावर ऑर्बिनने आल्या आल्या लिहिलं: पूल.
दर वर्षी लिहितो.

विकास मंडळाचा पोरगा शहरातून आला होता,
बूट नवे, आवाज मऊ.
म्हणाला, सगळंच महत्त्वाचं आहे, मला मान्य,
पण एका रांगेत लावा.
सरकार यादी वरून वाचतं
आणि पैसे मधेच संपतात.
मग त्याने प्रत्येकाच्या हातावर
तीन हिरवे ठिपके ठेवले, चिकटणारे,
औषधाच्या गोळ्या मोजून द्याव्यात तसे.

अर्जात एक रकाना असतो: नोकऱ्या किती निर्माण होणार?
शेडपुढे त्याने लिहिलं, साठ.
नळापुढे पेन थांबलं.
तेव्हा डेल्फिया नोबल उठली, गुडघ्यावर हात टेकून.
“रस्त्याकडेच्या पाइपावर जाते मी, दिवसाआड,
वीस कॅन भरते, गाडीत चढवते, उतरवते.
नवरा होता तोवर दोघं होतो कामावर.
शून्य कसं लिहितोस?
अडतीस घरांत अडतीस नोकऱ्या आहेत आज.
त्या घालवायच्यात मला.”
कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.
घालवायच्या नोकऱ्यांचा रकाना
पोराने वरखाली शोधला, मनापासून शोधला.

नंतर उठली सगळी, कागदांपुढे घुटमळली,
लग्नघरी आहेर द्यायला थांबावं तशी.
व्हर्लिनने तिन्ही ठिपके शेडवर लावले. त्याचा नातू
तीन तासांवरच्या गोदामात खोकी भरतो.
डेल्फियाने एक नळावर लावला,
एक दवाखान्यावर,
आणि एक, मला कळलं नाही का, ऑर्बिनच्या पुलावर.

मोजणी सकाळी करू, म्हटलं. दिवे मालवले.

तळघराची भिंत ओल धरते, हे मला ठाऊक होतं.
वाचनालयाची दुरुस्ती
मागच्या यादीत नववी होती.

सकाळी फरशीवर ठिपके पडलेले, हिरवे,
कागदांवर फिकट गोल डाग, कुठे दिसणारे, कुठे नाहीत.
गुडघ्यांवर बसून वेचले. आठ.
व्हर्लिनचे ओळखू आले, तंबाखूचा अंगठा होता त्यांवर.
बाकीचे आठवून आठवून लावले,
देवाला स्मरून, असं म्हणणार होते,
पण खरं तर डागांना स्मरून.
बेरीज केली. शेड तेवीस. नळ बावीस.
एकूण सत्त्याऐंशी हवेत, भरले शहाऐंशी.
खाली सही केली, शिक्का मारला,
दुपारच्या टपालाने यादी गेली.

दुसऱ्या नंबरालाही मिळतात कधी कधी पैसे,
असं तो पोरगा म्हणाला होता.

रात्री दारात बूट काढले
तर डाव्या तळव्याला काहीतरी.
नखाने सोडवलं.
हिरव्याचा काळा झालेला, मातीने भरलेला,
दाराच्या चौकटीवर दाबून पाहिला, फ्रिजवर,
स्वतःच्या मनगटावर.

कशालाच चिकटेना.